भांगाचं निवळ पाणी

माझ्या चष्म्याचा नंबर उणे दोन आहे. चष्मा काढला की समोरचं माणूस ओळखू येतं, पण ते हसतंय की नाही हे कळत नाही. पाण्याखाली बघायचा मास्क चष्म्यावरून बसत नाही, काड्यांच्या फटीतून पाणी आत शिरतं. त्यामुळे मालवणला जायला लागून २२ वर्षं झाली तरी बाकीचे सगळे पाण्यात उतरायचे आणि मी होडीत बसून त्यांचे मोबाइल नि टॉवेल सांभाळायचे. यंदाच्या जानेवारीत, वयाच्या ५१ व्या वर्षी, पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडले. त्याला आता दोन महिने होऊन गेले. अजूनही रात्री दिवा मालवला की तेच पाणी डोळ्यांपुढे येतं, म्हणून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. सासर मालवणचं, पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगणारं. लग्नानंतर सासूबाईंनी मला मासे शिकवले ते अक्षरओळख करून द्यावी तसे. सुरमईला इथे इसवण म्हणायचं. कोळंबी म्हणजे सुंगटां. बांगड्याचा कल्ला उचलून आत लालभडक दिसला तरच घ्यायचा. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालायची, पण त्यांची बी नाही. मला हळूहळू बाजारात उभं राहून पंचवीसेक मासे नावानिशी सांगता येऊ लागले. पण ते सगळे टोपलीतले. डोळा उघडा, अंग ताठ. त्यातला एकही मासा मी पोहताना बघितला नव्हता.

आमचे एक चुलत दीर आहेत. दांडी किनाऱ्यावर त्यांची फायबरची होडी असते. हंगामात मासेमारी, आणि पाणी निवळ असेल त्या दिवसांत पर्यटकांच्या फेऱ्या. जानेवारीत आम्ही फोंडा घाट उतरून संध्याकाळी घरी पोचलो, तर भावजी ओट्यावर बसलेलेच होते.

"वैनीनू, उद्या अष्टमी," ते म्हणाले. "भांग आसा. पाण्याक वढ नाय. निवळ मिळतला. उद्या तुमी पाण्यात उतराचाच."

भांग म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या लोकांसाठी सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्राची ओढ एकमेकींच्या काटकोनात येते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग. पाण्याची ये-जा कमी, म्हणून तळाचा गाळ ढवळला जात नाही. मालवणच्या समुद्राला गड आणि कर्ली या दोन नद्यांचा गाळ येऊन मिळतो, त्यामुळे इथलं पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखं आरपार निळं कधीच नसतं. इथे पाण्यात बघायचं तर तिथी बघून जायला हवं. हॉटेलचं बुकिंग करणारी मंडळी शनिवार-रविवार बघतात. कुणी मला विचारलंच, तर मी सांगेन, आधी पंचांग बघा.

मी चष्म्याचं सांगितलं. भावजींनी ते मनावर घेतलंच नाही. "पाण्यात वस्तू मोठी दिसता," इतकंच म्हणाले.

सकाळी सातला निघालो. नवरा, लेक, मी, भावजी आणि त्यांचा मुलगा. हा आमचा पुतण्या तारकर्लीच्या डायव्हिंग संस्थेत शिकलाय आणि आता लोकांना पाण्यात उतरवतो. मतलई वारा चालू होता, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा पहाटेचा गार वारा. डावीकडे तारकर्लीचा किनारा सरकत होता. वाळूवर रापण ओढायचं चाललं होतं. जाळ्याची दोन टोकं, दोन्हीकडे माणसांच्या रांगा, मागे मागे पावलं टाकत दोर खेचणाऱ्या. किनाऱ्यावर उभं राहून रापण मी कितीदा बघितलीये. समुद्रातून बघताना पहिल्यांदा लक्षात आलं, की जाळ्याचा घेर किती मोठा असतो आणि माणसं त्यापुढे किती थोडी.

देवबागच्या अलीकडे सुरूच्या बनातून एक मोठा पक्षी उठला. पांढरं पोट, राखाडी पंख, पाचरीसारखी आखूड शेपटी. समुद्रगरुड. तो आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा त्याच्या नखांत काहीतरी लोंबत होतं. लेकीनं कॅमेऱ्यातून बघून सांगितलं, साप आहे. समुद्री साप हे या गरुडाचं आवडतं खाणं. वर्षानुवर्षं तो एकच घरटं वापरतो, दर हंगामात त्यावर नव्या काटक्या रचतो. भावजींनी ते झाड लांबूनच दाखवलं, होडी जवळ नेली नाही. झाड कुठलं ते मीही इथे लिहीत नाही.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, संगमाच्या बाहेर, भोगवे आणि निवतीच्या दिशेनं आम्ही गेलो. त्सुनामी बेट म्हणतात त्या वाळूच्या पट्ट्यावर मोटारींच्या होड्या आणि केळ्याच्या आकाराच्या फुगवलेल्या होड्या लागायला सुरुवात झाली होती, तिथे आम्ही थांबलो नाही. लांब दक्षिणेला वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ धुरकट दिसत होता. तिथल्या खडकांमधल्या गुहांत पाकोळ्यांची वस्ती आहे. या पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटी बांधतात, आणि काळोख्या गुहेत टिकटिक असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, वटवाघळासारख्या. त्याच घरट्यांचं परदेशात सूप करतात, म्हणून चोर घरटी खरवडून न्यायचे. पुढे निसर्गप्रेमींनी मागे लागून ते उघडकीला आणलं. मला तिथे एकदा जायचंय. भावजी म्हणाले, "बघू. तो दर्या येगळो."

मग त्यांनी मशीन बंद केलं.

आम्ही सगळे गप्प झालो. होडीच्या पोटाला लाटा चापट्या मारत होत्या, तेवढाच आवाज. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. आणि उजव्या अंगाला, अगदी जवळ, फुस्स असा आवाज झाला. झोपेत माणसानं मोठा श्वास सोडावा तसा.

"गादे," भावजी हळूच म्हणाले.

डॉल्फिनला इथे गादा म्हणतात. टीव्हीवर दिसतात तशा हे उड्या मारत नाहीत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारी ही हम्पबॅक जात, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग डोकं, मग पाठीचा तो उंचवटा सावकाश वर येऊन पुन्हा पाण्यात बुडतो. नदीच्या मुखाशी मासळी भरपूर असते म्हणून ते इथे येतात. भावजींसारखे मच्छीमारही त्याचसाठी येतात. मी सात मोजले. त्यातला एक पिल्लू होता, रंगानं फिका, आईच्या कुशीला इतका चिकटलेला, की दोघांची पाठ एकाच वेळी वर यायची. आईनं श्वास घेतला की पाठोपाठ त्याचा छोटा फुस्स. एकदा पिल्लानं घाई केली, आईच्या आधी वर आलं आणि वाकडं कोसळलं. आई तिथल्या तिथे वळली.

आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. तेच होडीभोवती अर्धा तास मासे खात राहिले. भावजींच्या तोंडी एकच वाक्य होतं: "ते इले तर इले."

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण २०१८ च्या मे महिन्यात आम्ही दुसऱ्याच एका होडीतून गेलो होतो. भावजी तेव्हा आजारी होते. डॉल्फिन दिसल्याबरोबर पाच-सहा होड्यांनी त्यांना घेरलं. मशीनचा धूर, आरडाओरडा, "इकडे बघा, इकडे बघा". ते एकदा वर आले आणि जे खाली गेले ते गेलेच. सगळे पैसे वसूल झाल्यासारखे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. डॉल्फिन पाण्यात राहत असला तरी तो आपल्यासारखाच फुप्फुसानं श्वास घेतो, त्याला वर यावंच लागतं. वर यायच्या प्रत्येक जागी पंखा फिरतोय म्हटल्यावर, कुशीत पिल्लू असलेल्या आईनं काय करायचं? वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या शेजारी या प्राण्याचं नाव आहे. वाघाला जिपांनी घेरलं की आता बातमी होते. गाद्यांच्या बाबतीत तेही होत नाही.

परतताना सिंधुदुर्गाच्या मागच्या बाजूला आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. किल्ला इथून अगदी वेगळा दिसतो. मुंबईहून येणारी माणसं जेटीवरून होडीनं महादरवाजाशी उतरतात, शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतात, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी बघतात आणि परत जातात. मागून मात्र नुसती तटबंदी आणि तिच्या पायाशी फुटणारं पाणी. १६६४ च्या नोव्हेंबरात हे काम सुरू झालं. किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाभोवती पाण्याखाली जे खडक पसरलेत, त्यांनीच शत्रूची गलबतं लांब ठेवली. त्याच खडकांवर प्रवाळ वाढलंय.

पुतण्यानं नांगर टाकला, तोही वाळूचा पट्टा शोधून, खडकावर नाही. मग मास्कमध्ये थुंकून काच आतून चोळली आणि पाण्यात विसळली. थुंकीनं काचेवर वाफ धरत नाही. "काकी, नाक विसरून जा. आजपासून तुला नाक नाही," तो म्हणाला. मी लाइफ जॅकेटचे बंद तीनदा तपासले. चष्मा काढून लेकीच्या हातात दिला, आणि किल्ल्याची तटबंदी एक काळी रेघ झाली.

तोंडात धरलेल्या नळीतून, तोंडानं श्वास घ्यायचा ही गोष्ट सांगायला सोपी आहे. चेहरा पाण्यात गेला की अंग ऐकत नाही. पहिल्यांदा मी दोन श्वासांत वर आले. दुसऱ्यांदा चारांत. तिसऱ्यांदा पुतण्यानं माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नि तर्जनी जुळवून गोल करून दाखवला, म्हणजे सगळं ठीक. मी तो गोल परत दाखवला, आणि खाली बघितलं.

आधी ऐकू आलं. मला वाटलं होतं, पाण्याखाली शांतता असेल. तिथे तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज चालला होता, चारी बाजूंनी, न थांबता. नंतर पुतण्यानं सांगितलं, तो आवाज सुंगटांच्याच गोतातल्या एका बारक्या जातीचा. त्यांचा एक चिमटा मोठा असतो, तो मिटला की पाण्यात बुडबुडा फुटतो आणि तडाखा बसतो. २२ वर्षं मी सुंगटां सोलतेय. त्यांच्या गोतात असा आवाज करणारं कुणी आहे, हे मला कधी कळलं नव्हतं.

मग दिसायला लागलं. भावजी म्हणाले होते ते खरं निघालं. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते, प्रकाश वाकतो म्हणून. माझ्या डोळ्यांना त्याचा फायदा झाला. दोन फुटांपर्यंतचं सगळं लख्ख, त्यापुढचं हिरवट धूसर. म्हणून मी इकडेतिकडे भटकले नाही. माझ्या पोटाखाली एक गोल धोंडा होता, साधारण अडीच फूट उंच, त्याच्यावरच तरंगत राहिले.

लांबून तो धोंडाच. जवळून त्याच्यावर मधाच्या पोळ्यासारखे खळगे होते, प्रत्येक खळग्याला उठावाची कड, आत किंचित हिरवट, ओलसर मांसल काहीतरी. एका खळग्याशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. त्या प्रत्येक खळग्यात एक प्राणी राहतो. एका फटीत बोटाएवढा काळपट मासा होता. त्याच्या फटीसमोर टिकलीभर शेवाळ वाढलेलं होतं, आणि ते शेवाळ त्याचं होतं. माझी सावली त्यावर पडताच तो बाण सुटावा तसा आला आणि मास्कच्या काचेवर धडकला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा धडकला. माझ्या एका डोळ्याएवढं त्याचं सगळं अंग, आणि तो मला हाकलत होता. मी थोडी बाजूला झाले. तो परत जाऊन शेवाळाशी उभा राहिला आणि तिथून माझ्यावर नजर ठेवून राहिला.

धोंड्याच्या पायथ्याशी, वाळू लागते तिथे, एक गोबरा होता. ठिपक्यांचा, जाड ओठांचा. गोबरा मी कापलाय, तळलाय, त्याच्या डोक्याची कढी केलीये. कल्ले उघडत-मिटत, डोळे फिरवत, परांवर टेकून बसलेला गोबरा मी पहिल्यांदा बघितला. पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे हिरवट मासे खडक खरवडत होते, तो करकर आवाजही ऐकू यायचा. पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर नावाचे मासे घोळक्यानं आले, माझ्या हाताशी आले, बोटं हुंगल्यासारखं केलं आणि काही मिळत नाही म्हटल्यावर निघून गेले.

ते हातापाशी का आले, हे होडीवर आल्यावर कळलं. काही होड्यांवरून पर्यटकांच्या हातात पाव आणि बिस्किटं देतात, म्हणजे मासे गर्दी करतात आणि व्हिडिओ छान येतो. पुतण्या यावर बोलायला लागला की त्याचा आवाज चढतो. पोपटतोंडे मासे शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवतात. पावाची सवय लागलेले मासे आपलं काम सोडून होड्यांच्या मागे फिरतात, आणि न खाल्लेला पाव खाली जाऊन प्रवाळावरच कुजतो. त्याचं गिऱ्हाईक पाव मागतं, शेजारची होडी देते, हा देत नाही. काही लोक म्हणूनच शेजारच्या होडीत जातात. त्याच्या बापाला ते परवडत नाही. तरी तो देत नाही.

मी त्याला धोंड्याबद्दल विचारलं, किती जुना असेल?

"असं गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, काकी. इथल्या गढूळ पाण्यात त्याहून कमीच. तूच हिशोब कर."

अडीच फूट म्हणजे शहात्तर सेंटिमीटर. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत.

आमच्या कोल्हापूरच्या घरी, हॉलमध्ये, एक फोटो होता. २०१८ च्या त्याच सहलीतला. तेवढ्या एकाच वेळी मी मास्क न लावता, नुसतं जॅकेट घालून पाण्यात उतरले होते, आणि होडीवाल्यानं सांगितलं, "ताई, तिथे दगड आहे, त्यावर उभ्या राहा, मस्त फोटो येतो." मी उभी राहिले. भर समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली मी, हात पसरून. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, समुद्रात मधेच कशी काय उभी राहिलीस? होडीत बसून ओल्या केसांनी चहा पीत असताना मला तळपायाला लागलेला तो खडबडीतपणा आठवला. आठवला म्हणजे अगदी तळपायातच आठवला.

प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच उन्हापासून अन्न बनवून त्याला पोसतं, रंगही त्याचाच. पाणी जास्त तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं. मालवणातही असं पांढरं पडल्याच्या नोंदी झाल्या आहेत, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या समुद्रांत ही साथ पसरल्याचं जाहीर झालं. समुद्राचं तापणं माझ्या हातात नाही. पाय कुठे ठेवायचा ते आहे.

होडी धक्क्याकडे वळली तेव्हा मी भावजींना विचारलं, हे तर अभयारण्य ना? ते जरा गप्प बसले. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. भावजी तेव्हा शाळेत होते. त्यांचे वडील विरोध करणाऱ्यांत होते. जिथे आजा-पणजा जाळं टाकत आला तिथे उद्या सरकार बंदी घालील, पोरांनी खायचं काय, ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. कागदावर अभयारण्य, समुद्रात भांडण, अशी कितीतरी वर्षं गेली. भावजी आजही त्या शब्दाला बिचकतात. पण गेल्या वर्षी त्यांच्या जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव अडकलं, तेव्हा त्यांनी स्वतः जाळं कापून त्याला सोडलं. अशा वेळी फाटलेल्या जाळ्यासाठी सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. मी विचारलं, पैसे मिळाले का? म्हणाले, "अर्ज केलंय नाय. बारक्या जाळ्याचो काय अर्ज करतलंस?" आणि मग थोड्या वेळानं, "कासवाच्या डोळ्यात पाणी होता." कासवाच्या डोळ्यांतून जादाचं मीठ बाहेर पडतं, हे मला वाचून माहीत होतं. मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी ताट वाढलं. इसवणीची तळलेली तुकडी, सोलकढी, भात. मी जेवताना बोलतच होते. त्या ऐकत होत्या. समुद्रापासून शंभर पावलांवर आयुष्य गेलं, पण त्यांनी कधी पाण्याखाली बघितलेलं नाही. बायकांनी मासे विकायचे, सुकवायचे, ओहोटीला खडकावरून कालवं काढायची. आत जायचं ते पुरुषांनी, आणि तेही पाण्याच्या वरून.

रात्री भांडी आवरताना त्यांनी अचानक विचारलं, "ता काचेचा खय आसा गो? माका दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता निघायचं होतं. अकराच्या ओहोटीला मी आणि त्या, दोघीच, रॉक गार्डनच्या खडकांत गेलो. भांगाला खडक फार उघडे पडत नाहीत, पण गुडघाभर पाण्याची डबकी तयार होतात. त्यांनी नऊवारीचा ओचा वर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवून एका सपाट दगडावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. मास्क तोंडाला बांधायला त्या तयार नव्हत्या. मग मी तो हातात धरून त्याची काच पाण्यावर टेकवली, खिडकी धरावी तशी. पाण्याची लकाकी नाहीशी झाली आणि तळ वर आला.

त्या वाकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"कुर्लो," मग म्हणाल्या. "थय सुंगटां. अगो, बोय बघ, बारके. ह्यो... ह्यो गोबरो मगो! बोटाएवढो." एकेक नाव त्या सांगत होत्या, मला शिकवताना सांगायच्या त्याच सुरात. फक्त यावेळी प्रत्येक नावानंतर थांबत होत्या, कारण ते नाव हलत होतं, लपत होतं, पुन्हा बाहेर येत होतं.

"आणि ह्यां काय?"

त्यांच्या पायाशीच, दगडाच्या कडेला, परातीएवढं गोल प्रवाळ होतं. तेच खळगे, तीच हिरवट झाक. मी सांगितलं, ते जिवंत आहे, आणि बहुतेक पन्नासेक वर्षांचं असेल. त्या हिशोब करत राहिल्या. "म्हणजे ह्येच्या बाबान लगीन केला तवा," म्हणाल्या. 'ह्येच्या' म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. मग म्हणाल्या, "आमी ह्येच्यारच पाय ठेवन कालवां काढू." आणि पाण्यातला उजवा पाय उचलून त्यांनी हळूच बाजूच्या वाळूवर ठेवला.

रस्त्यावरून नवरा गाडीचा हॉर्न वाजवत होता. भरती लागली होती, डबक्याच्या तोंडाशी पाणी आत येऊन गोल फिरायला लागलं होतं. मी मास्क उचलायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"रव गो जरा. तो गोबरो भायर येवंदे."